वेशीवर काटे, मांडवात गर्दी!

रोग नव्हता तेव्हा गावाने वेशी बंद केल्या, आणि रोग उंबरठ्यात आला तेव्हा गावाने मांडव घातले! बीड जिल्ह्याच्या करोनाकाळाचे सार एका वाक्यात सांगावयाचे झाले, तर ते असे सांगावे लागेल. 25 मार्च 2020 रोजी गुढीपाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वेळी आमच्या खेड्यांत या रोगाचा मागमूस नव्हता. तरी रस्त्यांवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या, वेशीवर तरुणांचे पहारे बसले, आणि पाहुण्याला पाणी विचारण्याआधी 'कोठून आलात?' असे विचारले जाऊ लागले. पुढचा पाडवा 13 एप्रिल 2021 चा. त्याच्या दुसऱ्याच रात्री आठ वाजता राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. त्या वेळी रोग वेशीबाहेर नव्हता. तो गल्लीत होता, ओसरीवर होता, माजघरात होता. आणि बाभळीच्या त्या फांद्या कोठे होत्या? चुलीत केव्हाच जळून गेल्या होत्या! पहारेकरी कोठे होते? वऱ्हाडात!

या गोष्टी उगाळण्याची आज काय गरज, असे कोणी विचारील. 5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. माणसे कामाला लागली, बाजार भरू लागले, मांडव पूर्वीसारखे दणाणू लागले. ठीकच आहे. दुःख कवटाळून बसावे असे आम्ही कोणाला सांगत नाही. पण दुःख विसरणे वेगळे आणि धडा विसरणे वेगळे. सरकारी हिशेबाप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात या रोगाने सुमारे 1 लाख 48 हजार माणसे नेली. एवढी किंमत मोजून जो धडा विकत घेतला, तो पाच-सात वर्षांत हरवून बसणाऱ्या समाजाला पुढची साथ सवलत देणार नाही. म्हणून 2021 च्या त्या दुसऱ्या टाळेबंदीतील आपल्या बेफिकिरीची झाडाझडती आज, डोके शांत असताना आणि स्मशाने रिकामी असताना, घेतली पाहिजे.

उदाहरणासाठी आम्ही तलवाडा हे गाव मुद्दाम समोर ठेवतो. तलवाड्याने इतरांहून वेगळा काही अपराध केला असे आमचे म्हणणे नाही. आमच्या जिल्ह्यातील शेकडो गावांचे नशीब ज्या धाग्यांनी विणले आहे, ते सारे धागे तेथे एकत्र दिसतात, एवढेच. गोदावरीच्या दक्षिणेस गेवराई तालुक्यात वसलेले हे गाव त्वरितादेवीचे ठाणे म्हणून मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. नवरात्रात येथे भाविकांची रीघ लागते. परंतु तलवाड्याच्या किंवा त्याच्यासारख्या कोणत्याही गावच्या माणसाचा श्वास कोंडला, तर त्याने जावे कोठे? गेवराईस जावे, तेथे भागले नाही तर बीडला जिल्हा रुग्णालयात जावे, आणि तेथे खाट नसेल तर पार अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. मुंबईच्या माणसास एका रुग्णालयाने परत पाठविले तर पुढच्या रस्त्यावर दुसरे असते. खेड्यातल्या माणसाचा दुसरा रस्ता म्हणजे रुग्णवाहिकेतील काही तासांचा प्रवास, आणि तोही रुग्णवाहिका मिळाली तर! ज्या गावाच्या पाठीशी दुसरा तट नाही, त्याने पहिला तट प्राणपणाने राखावयाचा असतो. हा पहिला तट विटामातीचा नसून गावाच्या स्वतःच्या शिस्तीचा होता. 2021 मध्ये ढासळला तो हाच तट.

तो मुळातच कच्चा होता असेही नाही. 2020 साली आमच्या खेड्यांनी जी शिस्त दाखविली, तिला तोड नव्हती. आष्टी तालुक्यातील पिंपळा येथील एक रुग्ण सोडला, तर त्या वर्षीच्या मेच्या मध्यापर्यंत बीड जिल्ह्याची पाटी कोरी होती. मुंबई-पुण्यात प्रेते मोजली जात असताना बीडचा आकडा शून्य! पुढे मुंबईहून परतणाऱ्यांबरोबर रोग आला आणि गेवराई तालुक्यातील इटकूर व माजलगाव तालुक्यातील हिवरा येथे रुग्ण सापडले, तेव्हा जिल्हा हादरला. पण तोवर दोन महिने मिळाले होते. दवाखान्यांना तयारीस वेळ मिळाला होता. हे दोन महिने कोणी मिळवून दिले? नुसत्या पोलिसांच्या दंडुक्याने ते मिळाले नसते. गावांनी ते कमावले होते.

आता त्या शिस्तीकडे थोडे निरखून पाहा. ती शिस्त कोणाविरुद्ध होती? बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा-सहा महिने कारखान्याच्या थळावर पाचटाच्या कोपीत राहतात, आणि चैत्र-वैशाखात घरी परततात. 2020 साली हे मजूर जिथल्या तिथे अडकले. 17 एप्रिल 2020 रोजी सरकारने तपासणी करून त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांचे स्वागत कसे झाले? ज्यांच्या घामावर गावची बाजारपेठ चालते, त्यांच्याच गाड्या शिवेवर अडविल्या गेल्या. कोणाला शाळेत ठेवले, कोणाला माळावर. विलगीकरण आवश्यक होते, त्याला आमची हरकत नाही. पण नजरेत सावधगिरीपेक्षा संशय अधिक होता. बाहेरून येणारा, गरीब, धुळीने माखलेला माणूस म्हणजे रोग, हे समीकरण त्या वर्षी आमच्या मनात पक्के बसले. आणि पुढच्या वर्षीचा सारा अनर्थ त्याच समीकरणाच्या पोटातून जन्मला!

कारण रोग परक्याबरोबर येतो असे एकदा मानले, की आपल्या माणसांबरोबर तो येणारच नाही, असेही मन नकळत मानू लागते. मुंबईहून आलेला मजूर संशयित. पण मुंबईहून लग्नाला आलेला सख्खा मामा? छे, छे, तो कसा संशयित असेल? तो तर आहेर घेऊन आला आहे! बाजारातला अनोळखी विक्रेता दूर उभा राहावा. पण पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेला व्याही? त्याला 'लांब बसा' म्हणण्याची कोणाची छाती? विषाणूला मात्र नातीगोती कळत नाहीत. त्याला आहेर आणि उचल यांतला भेद समजत नाही. किंबहुना तो परक्यापेक्षा आप्ताच्या मिठीतून अधिक सुलभपणे पसरतो. कारण परक्यापाशी आपण क्षणभर थांबतो आणि आप्तापाशी रात्रभर बसतो.

घटना कशा घडत गेल्या, त्यांचा क्रम पाहा. 11 सप्टेंबर 2020 रोजी राज्यात एका दिवसात 24 हजार 886 रुग्ण सापडले; पहिल्या लाटेतील तो उच्चांक. त्यानंतर रोग ओसरू लागला. 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. 2021 च्या फेब्रुवारीच्या आरंभी राज्याचा दैनिक आकडा दोन-अडीच हजारांवर उतरला होता. झाले! 'करोना गेला' अशी दवंडी प्रत्येकाने स्वतःच्या मनात पिटली. तुंबलेली लग्ने निघाली, बारशी निघाली, जावळे निघाली. इतक्यात विदर्भात ठिणगी पडली. 21 फेब्रुवारीला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून भाषण करून 'मी जबाबदार' ही मोहीम जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवसापासून अमरावती व अचलपूर या शहरांत पुन्हा टाळेबंदी आली. मार्च उजाडला तो मराठवाड्यात आग घेऊन. 26 मार्चपासून 4 एप्रिलपर्यंत बीड जिल्ह्यात संपूर्ण टाळेबंदी पुकारण्यात आली. आणि 18 एप्रिल 2021 रोजी राज्याचा एका दिवसाचा आकडा 68 हजार 631 वर जाऊन भिडला. अडीच महिन्यांत जवळजवळ तीसपट! आग लागली असताना तिचे चटके जाणवू नयेत, इतकी आमची कातडी जाड झाली होती काय?

ती तशी झाली होती, असेच म्हणावे लागते. पहिल्या टाळेबंदीत रस्त्यावर कुत्रे दिसत नव्हते. दुसरीत रस्त्यावर काय दिसत नव्हते ते विचारा. दुकानाचे दार निम्मे खाली आणि गिऱ्हाईक मागच्या बाजूने आत. मुखपट्टी हनुवटीवर, आणि पोलिसांची गाडी दिसली की नाकावर. जणू रोग पोलिसांच्या गाडीतूनच हिंडतो! पारावर पत्त्यांचा डाव, आणि डावात चर्चा कशाची, तर सरकारला काही कळत नाही याची. अंगात ताप असताना 'साधे पडसे आहे' म्हणून कामावर जाणारे होते. तपासणी केली तर नाव लागेल आणि घरावर पाटी लागेल म्हणून तपासणी टाळणारे होते. 1 एप्रिल 2021 पासून 45 वर्षांवरील प्रत्येकासाठी लस खुली झाली, तेव्हा पुढे सरसावण्याऐवजी लसीने माणूस मरतो, लसीने पुरुषत्व जाते, असल्या भाकडकथा चघळीत बसणारेही होते. पुढे मृत्यू शेजारच्या घरी आला, तेव्हा हीच माणसे पहाटेपासून रांगेत उभी राहिली. पण तोवर लसच संपलेली असे!

या बेफिकिरीच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जात. त्यांना न्याय दिल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

पहिला युक्तिवाद पोटाचा. तो खरा होता, आणि त्याच्यापुढे आम्ही मान तुकवितो. हातावर पोट असणाऱ्याला 'घरी बसा' हा उपदेश करणे सोपे. त्याच्या घरी पीठ आहे की नाही हे पाहणे अवघड. 2021 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने 5 हजार 476 कोटींच्या मदतीची घोषणा केली. अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर महिनाभर माणशी 3 किलो गहू व 2 किलो तांदूळ मोफत, आणि नोंदणीकृत बांधकाम मजुरांना, परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणी झालेल्या फेरीवाल्यांना प्रत्येकी 1500 रुपये. पण ज्या देशात गरिबाची गरिबी हीच त्याची एकमेव नोंद असते, तेथे 'नोंदणीकृत' या एका शब्दाने किती ताटे रिकामी राहिली असतील! चहाची टपरी लपूनछपून उघडणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. वस्तरा-कात्री घेऊन घरोघर जाणाऱ्या नाभिकालाही देणार नाही. त्यांना बाहेर ओढणारी भूक होती. पण दोन-दोनशे पाने उठविणाऱ्यांना बाहेर ओढणारी भूक कोणती होती? पोटाचा युक्तिवाद गरिबाच्या तोंडी शोभतो. तो त्याच्या तोंडून हिसकावून घेऊन स्वतःच्या मिरवणुकीपुढे धरणाऱ्यांनी गरिबाची दुहेरी लूट केली. प्रथम त्याचे निमित्त चोरले, आणि मग रोग त्याच्या झोपडीपर्यंत पोहोचविला.

दुसरा युक्तिवाद पुढाऱ्यांचा. 'ते गर्दी जमवितात ती चालते, आणि आम्ही चौघे जमलो तर दंड?' या प्रश्नाला कोणत्याही सरकारपाशी उत्तर नव्हते, कारण तो प्रश्न रास्त होता. मुख्यमंत्र्यांच्या आवाहनाला दोन दिवस होतात न होतात, तोच 23 फेब्रुवारीला त्यांच्याच मंत्रिमंडळातील एका मंत्र्याच्या भेटीनिमित्त वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे हजारोंचा समुदाय लोटला. मराठवाड्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 30 मार्चपासून लागू व्हावयाची टाळेबंदी ऐन वेळी स्थगित झाली, आणि तो जणू रोगावरच मिळविलेला विजय असल्याच्या थाटात रस्त्यावर जल्लोष झाला. 17 एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. विठोबाचे दार भक्तांसाठी बंद आणि त्याच्याच गावात सभांचे मैदान मतदारांसाठी सताड उघडे! तिकडे हरिद्वारच्या घाटांवर कुंभाचे शाही स्नान आणि बंगालात प्रचाराचे रणकंदन. सत्ताधारी असोत वा विरोधक, दिल्लीचे असोत वा मुंबईचे, या पापाच्या वाटणीत एकही पक्ष उपाशी राहिला नाही. पण म्हणून काय झाले? पुढारी खड्ड्यात उतरला म्हणून मागोमाग उडी घेणाऱ्याचे पाय मोडावयाचे राहतात काय? पुढाऱ्याला मुंबईत खाट मिळते. तलवाड्याच्या माणसाला अंबाजोगाईचा रस्ता धरावा लागतो. ज्याची खाट राखीव आहे, त्याचे अनुकरण ज्याची नाही त्याने करावे, याहून मोठा आत्मघात नाही.

तिसरा युक्तिवाद दैवाचा. 'ज्याची भरली असेल तो जाईल.' हे वाक्य ऐकले की वैराग्याचा भास होतो. आहे मात्र ती शुद्ध लबाडी. हीच माणसे विहिरीवर कठडा बांधतात, गोठ्यात कंदील टांगतात, साप दिसला तर काठी शोधतात. तेथे दैवावर भार टाकीत नाहीत. दैव त्यांना आठवते ते फक्त दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी अंगावर येते तेव्हा! शिवाय करोनाचे वैशिष्ट्यच हे, की मांडवात गेलेला पंचविशीचा तरुण दोन दिवस खोकून बरा होई, आणि घरी बसलेली त्याची आजी जाई. तिची भरली नव्हती. ती भरविली गेली.

आता त्या मांडवाकडेच येऊ. 2021 च्या एप्रिलच्या आरंभी लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती. पुढे ती 25 वर आली, 22 एप्रिलपासून समारंभ दोन तासांत उरकावा असे ठरले, आणि नियम मोडल्यास 50 हजारांचा दंड. नियम कडक होता, पण नियम पाळणाऱ्याची अडचण दंडाची नव्हती. ती मानाची होती. पंचवीस माणसांची यादी करावयाची म्हणजे पाचशे जणांना वगळावयाचे. चुलत्याला बोलावले आणि मावसभावाला नाही, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा रुसवा. आणि आमंत्रण आल्यावर न जाणे म्हणजे तर उघड वैर. मनातून भिणारी माणसेसुद्धा गेली; कारण रोगाची भीती पुढची होती आणि लोकनिंदेची भीती समोरची. आम्ही याला बेफिकिरी म्हणतो, पण तिच्या तळाशी पुष्कळदा भित्रेपणा होता. मरणाला न भिणारी नव्हे, तर चार माणसांना भिणारी ही माणसे होती! 'यंदा येऊ नका, आशीर्वाद तेथूनच द्या,' एवढे एक वाक्य बोलण्याचे धैर्य नव्हते म्हणून किती घरांतील कर्ती माणसे गेली, याची गणती कोणत्याच सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

या साऱ्याचा हिशेब अंबाजोगाईने मांडून दाखविला. 6 एप्रिल 2021 रोजी तेथे आठ मृतदेहांवर एकाच चितेवर अंत्यसंस्कार करावे लागले. देश हळहळला. पण तसे का करावे लागले, हे फार थोड्यांनी विचारले. गावच्या स्मशानभूमीत करोनाने मेलेल्यांना जाळू नये, असा रहिवाशांचा विरोध होता. म्हणून दुसरी जागा शोधावी लागली, आणि ती अपुरी पडली. पाहा केवढा हा विपर्यास! जळून राख होणाऱ्या प्रेताची भीती, आणि शेजारी बसून जेवणाऱ्या तापकऱ्याची नाही! जो आता कोणालाही काही करू शकत नव्हता, त्याला आम्ही शिवेबाहेर घालविले. जो सर्वांना देऊन जाणार होता, त्याला आग्रह करकरून वाढले. त्यानंतर 25 एप्रिलला त्याच अंबाजोगाईत 22 मृतदेह एका रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले गेले. वाहने पुरेशी नव्हती, असा खुलासा झाला. त्या दृश्याने ज्याला लाज वाटली नाही, त्याच्याविषयी बोलावयासच नको. रुग्णालयाला रुग्णवाहिका पुरेशा न देणारे शासन त्या पापाचे धनी आहेच. त्याला आम्ही तेव्हाही क्षमा केली नाही आणि आजही करणार नाही. त्याच आठवड्यात, 21 एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण तडफडून गेले. राज्याला प्राणवायू पुरेना म्हणून थेट विशाखापट्टणमहून आगगाडीने टाक्या भरून आणाव्या लागल्या. शासनाची दुर्दशा ती हीच. पण ज्या रुग्णालयात रुग्णवाहिका दोन आहेत हे सर्वांना ठाऊक असते, त्या रुग्णालयाच्या जिल्ह्याने दोनशे आजारी निर्माण करावयाचे नसतात. व्यवस्था लंगडी असेल तर समाजाने अधिक सावध चालावयाचे असते. लंगड्याच्या खांद्यावर बसून नाचावयाचे नसते.

इतिहास आम्हांला अजाण म्हणून सोडून देणार नाही, कारण हा धडा त्याने पूर्वी दिलेला आहे. 1918 चा इन्फ्ल्युएन्झा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला तेव्हा सौम्य होता. लोक म्हणाले, गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो परत आला आणि त्याने या देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. 1911 ते 1921 हे शिरगणतीच्या इतिहासातील एकमेव दशक, ज्यात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. दुसरी लाट पहिलीहून क्रूर असू शकते, हे आमच्या पणजोबांनी जीव देऊन लिहून ठेवले होते. आम्ही ते वाचले नाही.

त्याच पूर्वजांकडून आम्हांला दोन वारसे मिळाले आहेत. एक मरीआईच्या गाड्याचा. गावात पटकी आली की गाडा सजवावयाचा, वाजतगाजत शिवेपर्यंत न्यावयाचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यावयाचा. माझी शिव सुटली, तुझे तू पाहा! 2020 च्या बाभळीच्या फांद्या आणि अंबाजोगाईच्या स्मशानाला झालेला विरोध हे त्या गाड्याचेच नवे अवतार होते. दुसरा वारसा प्लेगच्या दिवसांतला. गावात उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून शेता-माळावर झोपड्या बांधून विखरून राहावयाचे. दुसऱ्याला घालविण्यापेक्षा स्वतः बाजूला होण्याची ती रीत. आणि त्याच प्लेगमध्ये, 1897 साली पुण्यात, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्चला देह ठेवला. रोगाला भ्यावे, पण रोग्याला टाकू नये, हे त्यांनी जगून आणि मरून दाखविले. आम्ही मात्र उलटेच केले. रोग्याला भ्यालो आणि रोगाला मुळीच भ्यालो नाही.

हे टाळता आले नसते, असे कोणी म्हणू नये. मराठवाड्यातच, नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यात भोसी नावाचे गाव आहे. 2021 च्या मार्चमध्ये एका लग्नानंतर तेथे रोग शिरला आणि गावात तपासणी शिबिर घेताच 119 जण बाधित निघाले. या गावाने काय केले? नावे लपविली नाहीत, पाटी लागण्याची लाज धरली नाही. ज्यांना लक्षणे सौम्य होती ते आपापल्या शेतात राहावयास गेले. ज्यांना शेत नव्हते त्यांची सोय शेतातच उभारलेल्या निवाऱ्यात झाली. आशाताई व आरोग्यसेविका रोज तेथे जात, जेवण-औषध तेथे पोहोचे. पंधरा दिवसांहून थोडे अधिक लागले, आणि गाव मोकळे झाले. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातील, हिवरे बाजार या गावानेही पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने घरोघर तपासणी व विलगीकरण करून त्याच मे महिन्यात रोगाला बाहेर काढले. त्याचा कित्ता गिरवावा म्हणून सरकारने जूनमध्ये करोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केली. भोसीपाशी कोणते यंत्र होते, जे गेवराई तालुक्यापाशी नव्हते? शेते येथेही आहेत, आशाताई येथेही आहेत. फरक एवढाच, की भोसीने निर्णय गाव म्हणून केला, आणि आमच्या बहुतेक गावांत तो प्रत्येक घरावर सोडला गेला.

आमचे सांगणे नेमके हेच आहे. एकट्या बापाने सोयऱ्याला 'येऊ नका' म्हणावे, तर तो मानाचा धनी होत नाही, निंदेचा होतो. साऱ्या गावाने मिळून ठरविले, की साथ असेतोवर पंचविसाच्या वर पान मांडावयाचे नाही, तर कोणाचाच मान जात नाही. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी ग्रामसभांनी हा ठराव करून ठेवावा. आजाऱ्याने कोठे राहावयाचे, त्याला भाकरी कोणी पोहोचवावयाची, त्याच्या गुरांना चारा-पाणी कोणी करावयाचे, हे आजच लिहून ठेवावे. कोयत्यावर गेलेली माणसे परत येतील, तेव्हा काटे टाकून नव्हे, तर निवारा आणि तपासणी तयार ठेवून त्यांना आत घ्यावे. ती गावाचीच माणसे आहेत. हातावर पोट असणाऱ्यांची यादी गावाने स्वतः करावी, म्हणजे मुंबईच्या कागदावरील 'नोंदणीकृत' या शब्दाची वाट पाहत कोणाची चूल विझणार नाही. आणि शासनाला विचारावे, की दुसऱ्या लाटेनंतर रुग्णालयांत प्राणवायूचे जे प्रकल्प बसले, ते आज चालतात काय? रुग्णवाहिका अजून दोनच आहेत काय? गावाने आपले काम केले, म्हणजे शासनाला जाब विचारताना त्याचा आवाज कापणार नाही.

2020 च्या नवरात्रात राज्यातील देवळे बंद होती. 2021 च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, ती 7 ऑक्टोबरला घटस्थापनेलाच उघडली. देवी दाराआड राहिली. भक्तांना मात्र घरात बसवेना! जिच्या नावातच त्वरा आहे, अशा देवतेच्या पायाशी तलवाडा वसले आहे. पुढचा प्रसंग येईल तेव्हा तलवाड्याने आणि त्याच्यासारख्या प्रत्येक गावाने त्वरा करावी. पण ती परक्याला अडविण्यासाठी नव्हे, स्वतःला आवरण्यासाठी. वेशीवरच्या काट्यांनी आजवर कोणतीही साथ अडलेली नाही. मांडवात बसावयास निघालेले एक पाऊल मागे घेतले, तर मात्र ती अडते.